कॅथरिनच्या पेट्या आणि 'टी'ची थाप

ज्या लग्नात मुंबई आंदण गेली, त्या लग्नाची एक गोष्ट अधूनमधून फॉरवर्ड होऊन येते. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करायला इंग्लंडला गेली. तिच्या सामानातल्या चहाच्या पेट्यांवर 'त्रान्सपोर्ते द एर्वास आरोमातिकास', म्हणजे 'सुगंधी वनस्पतींची वाहतूक', याची आद्याक्षरं होती: टी, ई, ए. इंग्रजांनी तोच शब्द उचलला म्हणे.

तारखाच जुळत नाहीत. कॅथरिन पोचली मे १६६२ मध्ये. त्याआधी, सप्टेंबर १६५८ मध्ये, 'मर्क्युरियस पॉलिटिकस' या लंडनच्या साप्ताहिकात चहाची जाहिरात आली होती. तिच्यात लिहिलंय की या पेयाला चिनी लोक 'चा' म्हणतात आणि इतर देश 'टे' ऊर्फ 'टी'. १६६० मध्ये लंडनचा रोजनिशीकार सॅम्युअल पेपिस यानेही 'टी' हे चिनी पेय पहिल्यांदाच प्यायल्याचं रोजनिशीत टिपून ठेवलंय.

आता स्पेलिंग बघा. जाहिरातीत टी-ए-वाय आणि टी-ई-ई, पेपिसकडे टी-ई-ई. पेट्यांवरून तीन अक्षरं जशीच्या तशी उचलली असती, तर हा गोंधळ कशाला झाला असता? उच्चारही बराच काळ 'टे'च होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज कवी अलेक्झांडर पोप 'टी'चं यमक 'ओबे'शी जुळवतो. डच, जर्मन, फ्रेंच लोकांचा शब्दही हाच, पण त्यांच्या स्पेलिंगात 'ए' हे अक्षरच नाही. पोर्तुगीज पेट्या तिकडेही फिरल्या की काय?

शब्द आला चीनच्या फुकियन किनाऱ्यावरून. तिथल्या बोलीत चहाला 'ते' म्हणतात. डच व्यापाऱ्यांनी तो तिथल्या लोकांकडून उचलला आणि मालाबरोबर युरोपात पोचवला.

आणि गंमत म्हणजे खुद्द पोर्तुगीज चहाला 'शा' म्हणतात! त्यांचं ठाणं दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरच्या मकाऊला, तिथली बोली कँटनी, तिच्यात 'चा'. त्यामुळे 'समुद्रमार्गे गेला तिथे टी, खुष्कीने गेला तिथे चाय' हा दुसरा लोकप्रिय फॉरवर्डही अर्धामुर्धाच खरा. रशियाचा 'चाय' खुष्कीने गेला हे बरोबर, पण पोर्तुगीज काही उंटांवरून माल नेत नव्हते. माल कुठल्या बंदरात भरला, त्यावर शब्द ठरला.

वनस्पतीच हवी असेल तर पोलंडला जा. पोलिश 'हेर्बाता'मध्ये लॅटिन 'हेर्बा', म्हणजे वनस्पती, खरोखरच आहे. पुढचा 'ता' तोच फुकियनी 'ते'. लिथुआनियात त्याचंच 'अर्बाता' झालं. पण पोलंडमध्ये पाणी उकळायच्या किटलीला म्हणतात 'चायनिक', आणि तो शब्द रशियनांकडून घेतलेला. एकाच ओट्यावर दोन्ही वाटा!

कॅथरिनचं श्रेय मात्र काढून घेऊ नये. इंग्लंडच्या दरबारात चहाची फॅशन रुजली ती तिच्यामुळे. फक्त ती स्वतः त्याला 'शा'च म्हणत असणार.