‘आपण कुणाचं देणं लागत नाही’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

रविवारी दुपारी आईने चष्मा लावला आणि मोबाईलवरचा एक लांबलचक मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या भाच्याने न्यू जर्सीहून घरच्या ग्रुपवर टाकलेला. ‘अमेरिकेतल्या भारतीयांचा अभिमानास्पद इतिहास’ असं त्याचं नाव. वाचून झाल्यावर आई म्हणाली, “बघ, आपली पोरं कुणाचं काही देणं लागत नाहीत.” तोच मजकूर त्या आठवड्यात मला आणखी तीन ग्रुपवर आला, म्हणून हे लिहायला बसले.

मजकुरातले मुद्दे थोडक्यात असे. विवेकानंदांपासून अमेरिकेने भारतीयांना मानानेच बोलावलं, आपल्याविरुद्ध तिथे कधी कायदा नव्हता. 1965 चा इमिग्रेशन कायदा डॉक्टर-इंजिनिअर हवे होते म्हणून झाला, काळ्यांच्या चळवळीशी त्याचा संबंध नाही. काळ्यांना मताचा हक्क 1870 पासूनच होता, 1965 चा गोंधळ उगाचच. मार्टिन ल्यूथर किंग गांधीजींचे शिष्य, तेव्हा देणं लागत असतील तर तेच आपलं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘ते रस्त्यावर उतरले, आपण अभ्यास केला.’

‘आपल्याविरुद्ध कधी कायदा नव्हता’ हे धादांत खोटं आहे.

विवेकानंदांची 1893 ची शिकागोतली सभा गाजली, त्यात वाद नाही. पण सभेत टाळ्या मिळणं वेगळं आणि त्या देशात घर करू देणं वेगळं. त्यानंतर चौदा वर्षांनी, सप्टेंबर 1907 मध्ये, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅम गावात शेकडोंच्या जमावाने लाकूड गिरण्यांत राबणाऱ्या भारतीय मजुरांना मारझोड करून गावाबाहेर काढलं. बहुतेक शीख होते, पण तिथे सगळ्यांनाच ‘हिंदू’ म्हणत. 1917 साली तर कायदाच झाला. नकाशावर आशियाभोवती रेघ ओढली आणि या पट्ट्यातल्या माणसांनी स्थायिक व्हायला यायचं नाही असं ठरवलं. भारत त्या पट्ट्यात होता.

आता भगतसिंग थिंद यांची गोष्ट. अमृतसर जिल्ह्यातला हा तरुण 1913 साली अमेरिकेत गेला, ओरेगॉनमधल्या लाकूड गिरणीत राबला, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात भरती झाला. डिसेंबर 1918 मध्ये, अंगावर लष्करी गणवेश असताना, त्याला नागरिकत्व मिळालं आणि चार दिवसांत काढूनही घेतलं. त्याने पुन्हा अर्ज केला, 1920 साली ओरेगॉनच्या न्यायाधीशाने तो मंजूर केला, आणि सरकार त्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 19 फेब्रुवारी 1923 ला एकमताने निकाल लागला: भारतीय माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिक होता येत नाही.

हा निकाल मी अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी तितकाच अंगावर येतो. बाहेरून आलेल्यांपैकी नागरिकत्व फक्त ‘मुक्त गोऱ्या माणसांना’ असा 1790 पासूनचा कायदा होता, आफ्रिकी वंशाच्या लोकांना ते 1870 मध्ये खुलं झालं होतं. थिंदच्या निकालाआधी तीनच महिने याच न्यायालयाने एका जपानी अर्जदाराला सांगितलं होतं की गोरा म्हणजे ‘कॉकेशियन’, आणि तू तो नाहीस. थिंदने तोच धागा पकडला: मानववंशशास्त्राप्रमाणे उत्तर भारतीय कॉकेशियन ठरतात, मग मलाही नागरिकत्व द्या. त्यावर त्याच न्यायमूर्ती सदरलँड यांनी लिहिलं की सोनेरी केसांचा स्कँडिनेव्हियन आणि सावळा हिंदू यांचा पूर्वज अतिप्राचीन काळी एक असेलही, पण आज दोघांत किती फरक आहे हे सामान्य माणसाला पक्कं ठाऊक आहे. तीन महिन्यांपूर्वी शास्त्र प्रमाण होतं, आता सामान्य माणसाची नजर प्रमाण झाली.

आणि थिंदच्या बाजूने युक्तिवाद काय झाला होता? तो उच्चवर्णीय आहे, शुद्ध आर्य रक्ताचा आहे. लग्नसंबंधांच्या बाबतीत उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळनिवासींकडे तसाच बघतो जसा अमेरिकन माणूस निग्रोकडे बघतो, असं लेखी मांडलं गेलं. म्हणजे ‘आम्हीही तुमच्यासारखेच भेदभाव करतो, आम्हाला तुमच्यात घ्या.’ तरीही घेतलं नाही. आज जे ‘आपण वेगळे, ते वेगळे’ म्हणून फॉरवर्ड करतात, त्यांनी हे पान दोनदा वाचावं.

या निकालानंतर ज्यांना आधीच नागरिकत्व मिळालं होतं, त्यांचंही सरकारने परत घ्यायला सुरुवात केली. वैष्णो दास बगाई त्यांतले एक. 1915 साली पेशावरहून पत्नी कला आणि तीन मुलांना घेऊन सॅन फ्रान्सिस्कोला गेले, येताना पैसा घेऊन आले होते, दुकान थाटलं, 1921 मध्ये नागरिक झाले. निकालानंतर नागरिकत्व गेलं. नागरिक होऊ न शकणाऱ्यांना कॅलिफोर्नियात जमीन-घर ठेवता येत नसे, त्यामुळे मालमत्ताही गेली. मायदेशी जाऊन यायचं म्हटलं तर उत्तर मिळालं, ब्रिटिश पासपोर्ट घ्या. ज्या ब्रिटिशांची प्रजा म्हणवून घ्यायचं नाही म्हणून देश सोडला, त्यांचाच. 1928 मध्ये त्यांनी जीव दिला. मागे ठेवलेल्या पत्रात त्यांनी विचारलं होतं, सोन्याच्या पिंजऱ्यातलं हे जगणं जगण्यासारखं आहे का? इकडे अडथळे, तिकडे नाकेबंदी, आणि मागचे पूल जळालेले.

मेरिटचंच बोलायचं तर दलीपसिंग सौंद घ्या. बर्कलेतून 1924 साली गणितात पीएचडी. एवढं शिकून काय केलं? इम्पीरियल व्हॅलीत शेती, आणि तीही स्वतःच्या नावावर जमीन घेता येत नसताना. डॉक्टरेटनंतर पंचवीस वर्षांनी, 1949 मध्ये, नागरिकत्व मिळालं आणि सातच वर्षांत हा माणूस अमेरिकन काँग्रेसवर निवडून आला. गुणवत्ता 1924 मध्येही तीच होती. दार बंद होतं.

1946 च्या कायद्याने ते दार किलकिलं झालं. भारतीयांना नागरिक होता येऊ लागलं आणि कोटा ठरला वर्षाला 100. चाळीस कोटींच्या देशाला शंभर. ब्रिटनचा कोटा तेव्हा 65 हजारांहून अधिक होता. 1952 च्या कायद्यात तर अशी तरतूद होती की भारतीय वंशाचा माणूस जन्मला लंडनमध्ये असला तरी तो आशियाच्या कोट्यातच मोजायचा. जन्म कुठेही असो, रक्त बघायचं. आम्हाला ही पद्धत ओळखीची वाटायला हवी.

आता 1965 चा मुद्दा. यात अर्धं खरं आहे आणि ते मान्य करते. डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ यांच्यासाठी त्या कायद्यात वेगळा हिस्सा होता, दहा टक्क्यांपर्यंत. त्याच वर्षी मेडिकेअर, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, आला आणि डॉक्टरांची गरज वाढली. रशियाशी चुरस होती आणि नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांपुढे वर्णभेदी म्हणून मिरवणं अमेरिकेला परवडत नव्हतं. आणि हेही खरं की अलाबामा राज्यात मताच्या हक्कासाठी मार खाणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी कुणीही ‘भारतीयांना व्हिसा द्या’ म्हणून मोर्चा काढला नव्हता.

पण कायदा केला कोणी आणि कशाच्या जोरावर? हार्ट आणि सेलर ही त्याची दोन नावं. इमॅन्युएल सेलर ब्रुकलिनचे खासदार. 1924 च्या वंशवार कोट्याच्या कायद्याला त्यांनी सभागृहात नवखे असतानाच विरोध केला होता. 1946 च्या भारतीयांसाठीच्या कायद्यावर त्यांचं नाव आहे. 1964 चा नागरी हक्क कायदा प्रतिनिधिगृहातून ज्या न्यायविषयक समितीने पुढे नेला तिचे अध्यक्ष तेच. फिलिप हार्ट यांनी मतदान हक्क कायदा सिनेटमध्ये लढवला. मतदान हक्क कायद्यावर सही झाली 6 ऑगस्ट 1965 ला, इमिग्रेशन कायद्यावर 3 ऑक्टोबरला, स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी. तीच माणसं, तेच सभागृह, मध्ये दोन महिनेही नाहीत. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जानेवारी 1964 च्या भाषणात वांशिक भेद मिटवायची मागणी केली आणि त्याच भाषणात म्हटलं की येणाऱ्याला ‘देशासाठी काय करू शकतोस’ हे विचारावं, ‘कुठल्या देशात जन्मलास’ हे विचारू नये. हॉटेलात, शाळेत, मतदान केंद्रावर वंश बघणं बेकायदा ठरवल्यावर विमानतळावर तो बघणं कुठल्या तोंडाने चालू ठेवणार होते? त्या सभागृहाला हा प्रश्न टाळता येऊ नये इतपत लाज कृष्णवर्णीयांच्या चळवळीने आणली होती. संबंध हा असा आहे.

मताच्या हक्काचा मुद्दा. 1870 ची घटनादुरुस्ती कागदावर होती, बरोबर. मग अलाबामातल्या सेल्मा गावात 1965 मध्ये काय चाललं होतं बघा. तिथल्या डॅलस काउंटीत मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय पंधरा हजारांच्या घरात, आणि मतदारयादीत त्यांतले दोन-अडीच टक्के. नाव नोंदवायला गेलं की साक्षरतेची परीक्षा, आणि पास-नापास ठरवणारा कारकून गोरा. किंग यांनी फेब्रुवारी 1965 मध्ये सेल्माच्या तुरुंगातून लिहिलं की मतदारयादीत आहेत त्याहून जास्त कृष्णवर्णीय इथे माझ्याबरोबर तुरुंगात आहेत. 7 मार्चला एडमंड पेटस पुलावर सहाशेच्या आसपास माणसं शांतपणे चालत आली. समोरून पोलीस लाठ्या आणि अश्रुधूर घेऊन तुटून पडले. पंचवीस वर्षांच्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. कायदा झाल्यावर मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी सुमारे 7 टक्क्यांवरून दोन वर्षांत 60 च्या जवळ गेली. याला ‘उगाचचा गोंधळ’ म्हणणाऱ्याने स्वतः मतदान कधी केलं आहे का, हे मला विचारायचं आहे.

किंग यांच्यावर गांधीजींचा प्रभाव होता, हे त्यांनी स्वतः शंभरदा सांगितलं. पण ते वाचून आई जशी खूश झाली तसं खूश होऊन थांबू नये. 1959 साली ते भारतात आले तेव्हा केरळात, त्रिवेंद्रमला, दलित मुलांच्या शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतला आपल्यासारखाच एक अस्पृश्य’ अशी करून दिली. आधी त्यांना ते खटकलं, मग विचार करून ते स्वतःशी म्हणाले, हो, मी अस्पृश्य आहे, आणि अमेरिकेतला प्रत्येक निग्रो अस्पृश्य आहे. बाबासाहेबांनी 1946 साली अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं तेव्हाही हेच म्हटलं होतं की दोघांच्या स्थितीत इतकं साम्य आहे की निग्रोंच्या प्रश्नाचा अभ्यास स्वाभाविकच नव्हे, तर आवश्यक आहे. आणि आपल्या नागपूरचं तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याला माहीतही नसेल. जेम्स लॉसन नावाचे कृष्णवर्णीय तरुण धर्मोपदेशक 1953 पासून तीन वर्षं नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते. मुलांना खेळ शिकवायचे आणि सत्याग्रह समजून घ्यायचे. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहरात बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध कृष्णवर्णीयांनी घातलेल्या बस बहिष्काराची बातमी त्यांनी नागपुरातच पेपरात वाचली. परत जाऊन नॅशव्हिलमध्ये त्यांनी ज्या विद्यार्थ्यांना मार खाऊनही हात न उचलण्याचं शिक्षण दिलं, त्यांत हे जॉन लुईस होते. म्हणजे नागपुरात शिकून गेलेल्या माणसाचा विद्यार्थी त्या पुलावर पडला, आणि ती चळवळ जिंकली म्हणून पुढे नागपूरचे डॉक्टर शिकागोला जाऊ शकले. यात शिष्य कोण, गुरू कोण याचा हिशेब मांडून कुणाचं भलं होणार?

शेवटच्या वाक्याचा मला खरा राग आला. ‘ते रस्त्यावर उतरले, आपण अभ्यास केला.’

व्हर्जिनियात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे. शाळांत वर्णभेद चालणार नाही असा निकाल 1954 साली लागला. तो पाळावा लागू नये म्हणून या काउंटीने 1959 मध्ये आपल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा पाच वर्षं बंद राहिल्या, 1964 पर्यंत. 1959 मध्ये पहिलीला जायचं होतं त्या मुलाला सरकारी शाळेचं दार अकराव्या वर्षी उघडलं. त्याने कुठे अभ्यास करायचा होता? त्याच पाच वर्षांत आपल्याकडे सरकारी मेडिकल कॉलेजात, आयआयटीत, आपल्या करदात्यांच्या पैशांवर मुलं शिकत होती. पुढे अमेरिकेने त्यांतली निवडून घेतली. चाळणीतून गाळून नेलेल्यांची तुलना ज्यांच्या शाळेला कुलूप लावलं त्यांच्याशी करायची आणि वर ‘अभिमानाने शेअर करा’ म्हणायचं, हे मला सहन होत नाही.

माझा भाचा वाईट मुलगा नाही. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कंपनीत साहेबाने त्याच्या उच्चारांवरून सगळ्यांसमोर नक्कल केली आणि बढती दुसऱ्याला दिली. तेव्हा रात्री दोनला मला फोन करून रडला होता. नंतर वकिलाकडे गेला, तक्रार केली, आणि कंपनीला नमतं घ्यावं लागलं. ती तक्रार ज्या तरतुदीखाली होती ती 1964 च्या नागरी हक्क कायद्याची, कलम सात. वंश, रंग, धर्म, लिंग आणि मूळ राष्ट्रीयत्व यांवरून नोकरीत भेदभाव करता येणार नाही, असं ते कलम सांगतं.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्याला सांग ना हे. ग्रुपवर नको, त्याला एकट्याला सांग.”

म्हणून मी त्याला थिंदचा निकाल पाठवला आहे. फार मोठा नाही, अर्ध्या तासात वाचून होतो. वाचून झाला की आजीला फोन कर, असं खाली लिहिलं आहे.