सात वर्षांनी सिबिल आपोआप कोरं होत नाही

रामबागेपासून सुदामानगरपर्यंत इंदूरच्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: 'हप्ते झेपत नसतील तर दिवाळखोरीचं ॲफिडेव्हिट करा, सगळी कर्जं माफ. सात वर्षांनी सिबिल कोरं. तोवर काही भरून उपयोग नाही.' सिबिल म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी; बोलताना त्या नोंदींनाही सिबिलच म्हणतात. तिन्ही दावे चुकीचे आहेत, आणि तिसरा तर महागात पडणारा.

ॲफिडेव्हिट करून कोणी दिवाळखोर ठरत नाही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग लागू झालाय तो फक्त कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना, तोही 1 डिसेंबर 2019 पासून. कापड मार्केटातला दुकानदार असो की नोकरदार, त्याच्यासाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदाच आहे. म्हणजे जिल्हा न्यायालयात अर्ज, मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात, सावकार-बँकांच्या हरकती, आणि मग कधीतरी मुक्ततेचा आदेश. तो मिळाला तरी सरकारी देणी सुटत नाहीत, फसवणुकीने काढलेलं कर्जही नाही. जामीनदार तर मुळीच सुटत नाही. भाऊजींनी भिडेखातर सही केली असेल, तर तुम्ही मोकळे झाल्यावर बँक त्यांच्या दारात उभी राहणार. वर तेच कर्ज त्यांच्याही क्रेडिट रिपोर्टात दिसणार. मेसेज लिहिणाऱ्याला भाऊजी नसावेत.

आता ती सात वर्षं. अमेरिकेत दिवाळखोरीची नोंद प्रकारानुसार सात किंवा दहा वर्षांनी रिपोर्टातून निघते. आकडा बहुधा तिकडून उचललाय. आपल्याकडेही सात वर्षांचा नियम आहे, पण तो सिबिलसारख्या कंपन्यांनी माहिती 'किमान' इतकी वर्षं जपून ठेवावी असा. त्यानंतर ती पुसलीच पाहिजे, असं त्यात नाही. आणि जिचे पैसे बुडाले त्या बँकेचं स्वतःचं दप्तर वेगळंच.

'काही भरून उपयोग नाही' म्हणणाऱ्याने रिपोर्ट उघडून पाहिलेला नाही. प्रत्येक खात्याखाली मागच्या 36 महिन्यांचे चौकोन असतात. हप्ता वेळेवर गेला तर '000', नव्वद दिवस थकला तर '090'. नवा महिना आला की सर्वांत जुना बाहेर पडतो. म्हणजे आजपासून नीट भरत गेलात तर तीन वर्षांत ती ओळ खरोखर स्वच्छ होते, आणि कर्ज देणारा आधी अलीकडचे महिनेच बघतो. खात्याचा शेरा मात्र असा सरकत नाही. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत मिटवलंत तर 'सेटल्ड' लागतं. उरलेली रक्कम भरून नो ड्यूज (काही देणं बाकी नसल्याचा दाखला) घ्या आणि 'क्लोज्ड' कळवायला बँकेला लेखी सांगा. स्कोअर, म्हणजे या नोंदींवरून ठरणारा आकडा, लगेच उडी मारणार नाही. एफडीवर मिळणारं छोटं क्रेडिट कार्ड वापरून दरमहा पूर्ण बिल भरत राहिलात तर हळूहळू चढतो.

पैसे घेऊन 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्यांना तर दारातूनच परत पाठवा. बँकेच्या दुजोऱ्याशिवाय सिबिललाही नोंद बदलता येत नाही. नोंद खरंच चुकीची असेल तर तक्रार फुकट होते. सिबिलसह देशातल्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षाला प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्टही फुकट मिळतो. तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळते.