एक स्टार दिलेल्या बोटवाल्या दादांना, दुकानाकडून

नमस्कार दादा. तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, आज दुकान उघडल्या उघडल्या आधी तुमचं बिल काढून बघितलं. तुम्ही लिहिलंय की जुन्या फायबर बोटीची मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, घरी बदलायला आमच्याकडनं रेझिन (घट्ट होऊन फायबर बनणारं पातळ रसायन) आणि मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) नेलं, चार दिवस झाले तरी चिकटच आहे, इंजिन टांगलं तर फळी हलते, कोपऱ्यात तडा गेला, म्हणजे माल बनावट, पोरगा उद्धट, कुणी जाऊ नका.

पोराचं आधी सांगतो. तो माझा भाचा. काय बोललास म्हणून विचारलं तर म्हणतोय, "बोटीचं काम घरात होत नाही, नाद सोडा" असं म्हणालो. हे चुकलंच त्याचं. घरात होतंय, व्यवस्थित होतंय, 2019 आणि 2021 च्या पुरानंतर नदीकाठची लोकं जुन्या बोटी घेऊन आमच्याकडं विचारायला यायला लागली, त्यातल्या कितीतरी जणांनी गोठ्याच्या पडवीत काम केलंय. आणि चूक त्याच्या एकट्याची नाही. आमचं बरंचसं गिऱ्हाईक शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतलं, पॅटर्नवाले, शेडवाले, नाहीतर मूर्तीचे साचे करणारे, त्यांना काही सांगावं लागत नाही, ते किलो सांगतात आम्ही मोजून देतो. तुम्ही बोट म्हणालासा तिथंच आम्ही थांबून चार प्रश्न विचारायला पाहिजे होते. ते झालं नाही त्याची माफी मागतो, इथं सगळ्यांसमोरच.

पण बनावट माल हे मान्य नाही. तुमचं 10 किलो जीपी, म्हणजे जनरल पर्पज पॉलिस्टर रेझिन ज्या ड्रममधनं दिलं तो अजून निम्मा आहे. सकाळी त्यातलंच 100 ग्रॅम कपात घेतलं, दीड ग्रॅम कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं रसायन) घातलं, अर्ध्या तासात दह्यासारखं झालं आणि थोड्या वेळानं कप हातात धरवेना एवढा गरम. कप काउंटरवर ठेवलाय, येऊन ठोकून बघा.

आता चिकटपणा. जीपी रेझिनचा हवेकडचा थर चिकट राहतोच, हवेतला ऑक्सिजन वरचा थर वाळू देत नाही. लेयरवर लेयर मारताना ते बरंच असतं, वरचा थर खालच्याला धरतो. शेवटच्या हाताला त्यात वॅक्स घालतात नाहीतर वर प्लास्टिकचा कागद पसरतात. हे तुम्हाला सांगितलं नाही, वॅक्स दिलं नाही, ही आमची चूक. पण नखानं दाबून बघा. वर चिकट पण नख रुतत नसेल तर माल बसलाय, ॲसिटोननं पुसा, घासा, झालं. नख रुतत असेल तर आतनंच कच्चं आहे, आणि मला वाटतंय तुमचं तेच झालंय. कारण परवा तुम्ही भांडायला आलासा तेव्हा कॅटॅलिस्टची बाटली हातात होती, 200 ग्रॅमची, चारातले तीन भाग भरलेली. म्हणजे 10 किलोला 50 ग्रॅम गेलं, अर्धा टक्का. लागतंय 1 ते 2 टक्के, उन्हाळ्यात 1 च्या जवळ, पावसाळी थंड हवेत 2 च्या जवळ. तुम्ही म्हणालात झाकणानं मापलं. झाकणानं नाही हो दादा, काट्यावर मापायचं, आणि एका वेळी किलोभरच कालवायचं, सगळं बादलीत कालवलं तर बादलीतच तापून धूर काढतंय. कोबाल्ट, म्हणजे कॅटॅलिस्टला जोर देणारं रसायन, ते तर आम्ही मुद्दाम आधीच रेझिनमध्ये घालून देतो, घरी काम करणाऱ्याला सुटं देतच नाही, कारण कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट थेट एकत्र आलं तर भडका उडतोय.

खरं तर मला रेझिनपेक्षा तुमचे फोटो बघून जास्त काळजी वाटली. दुसऱ्या फोटोत पाणी काढायच्या बुचाच्या भोवती काळं लाकूड तसंच दिसतंय. तेच कुजकं. ट्रान्सम म्हणजे बाहेरनं फायबर, आतनं फायबर आणि मध्ये प्लाय, पाणी शिरतंय बुचाच्या नाहीतर इंजिनच्या बोल्टच्या भोकातनं, आणि वर्षानुवर्षं आतच मुरत बसतंय. वरचं काढून खालचं ठेवलं तर तिथनं परत सुरू. शिवाय ओल्या लाकडावर रेझिन धरतच नाही, मॅट पण पांढरीच दिसतीय, म्हणजे नीट भिजली नाही, रोलर फिरला नाही.

आणि प्लाय एकच 18 एमएमचा घातलाय. इंजिन तुम्ही 25 एचपीचं टू-स्ट्रोक म्हणालात, म्हणजे 50 किलोच्या आसपास वजन नुसतं टांगलेलं, शिवाय बोट ढकलायचा जोर वेगळा, मग फळी हलणारच की. तिथं दोन प्लाय पाहिजेत, मरीन, आयएस 710 चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का बघून घ्यायचा, मध्ये भिजवलेली मॅट घालून एकमेकाला चिकटवायचे, दोन्ही मिळून दीड इंचाच्या जवळ. फर्निचरचा साधा प्लाय चालत नाही, कडा सुटतात.

तडा कोपऱ्यातच का गेला, तर तुम्ही नवीन मॅट फळीवरच संपवलीय. ती दोन्ही बाजूंच्या भिंतींवर आणि तळावर वीतभर तरी चढवायची असते, कोपरा पुट्टीनं गोल करून, म्हणजे जोर सगळ्या बोटीत वाटला जातो. काटकोनात मॅट बसत नाही, खाली हवा राहते. जुनं फायबर 36 नंबरच्या डिस्कनं खरवडल्याशिवाय तर काहीच धरत नाही, नवं रेझिन जुन्याला नुसतं ओरखड्यांनीच पकडून असतंय. मास्क लावा आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, नाहीतर दोन दिवस खाजवत बसाल, आमच्या घरचे अजून मला ते कपडे वेगळे धुवायला लावतात.

तर आत्ता इंजिन उतरवा आधी. आतल्या बाजूनं नाण्यानं ठोकत जा, बद्द आवाज येईल तिथं बारीक ड्रिल मारा, भुसा काळा ओला निघाला तर ते सगळं काढायचं, मधे थांबायचं नाही. बाहेरचं फायबर मात्र कापू नका, तोच तुमचा साचा आहे. लाकूड काढल्यावर पंखा लावून पूर्ण वाळू द्या, पावसाळ्यात याला दिवस जातात, गडबड करू नका. बोल्टची भोकं मोठी पाडून इपॉक्सीनं (हे वेगळ्या जातीचं रेझिन) भरायची आणि त्यातनं परत बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं, म्हणजे पाणी लाकडापर्यंत जातच नाही. तेवढ्या भोकांनाच इपॉक्सी हं, ही मॅट इपॉक्सीत भिजवू नका, तिचा बाइंडर, म्हणजे धागे धरून ठेवणारा डिंक, पॉलिस्टर रेझिनमधल्या स्टायरीन या द्रावकानं विरघळतोय, इपॉक्सीत नाही.

आणि एक विनंती, अशी बोट पाण्यात घालू नका. कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटाला इशारा आणि 43 ला धोका, त्या पाण्यात माणसं आणायला गेलात आणि इंजिन फळीसकट सुटलं तर काय होईल ते तुम्हाला मी सांगायला नको.

वापरलेल्या रेझिनचे पैसे परत देणार नाही, कारण माल चांगला होता. पण वॅक्स आमच्याकडनं फुकट, रोलर आणि वजनकाटा काम होईपर्यंत घरी न्या, आणि या रविवारी दुपारनंतर मी स्वतः बोट बघायला येतो, पत्ता फोनवर सांगा. तोपर्यंत काढलेल्या लाकडाचा एक तुकडा आणि ती बाटली तेवढी ठेवा, टाकू नका. भाचा पण बरोबर येणार आहे, ग्राइंडर तोच चालवणार.