प्लायवूडचं खोकं आणि ‘मूळ’ चित्र : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘जुनं ते सोनं’ या टोपणनावाने तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. तीस वर्षांपूर्वीचं निओ जिओ हे गेमयंत्र मी घरच्या टीव्हीवर खेळण्यासाठी प्लायवूडच्या खोक्यात कोंबलं, त्याच्या मूळ, जरा धूसर चित्राची वाट लावली, आणि तेही हे सगळे गेम मोबाइलवर फुकट खेळता येत असताना, असं तुमचं म्हणणं. माळ्यावरच्या तुमच्या मेगा ड्राइव्हलाही (सेगा कंपनीचं त्याच काळातलं घरगुती गेमयंत्र) असंच उघडावं लागेल, ही भीतीही त्यात होती. रागातला जिव्हाळा पोचला. पण राग चुकीच्या यंत्रावर निघाला आहे.

माझ्याकडे आहे तो निओ जिओचा एमव्हीएस, म्हणजे एसएनके या जपानी कंपनीने १९९० मध्ये आर्केडसाठी (नाणी टाकून खेळायच्या गेम पार्लरसाठी) काढलेला सर्किट बोर्ड. त्याला स्वतःची केस कधी नव्हतीच. तो कॅबिनेटच्या, म्हणजे पार्लरमधल्या गेमच्या उभ्या कपाटाच्या, पोटात धूळ खात बसायचा. कॅबिनेट भंगारात गेलं की बोर्ड उघडा पडतो आणि मग कुणीतरी त्याला खोकं करतं. एईएस या निओ जिओच्या घरगुती आवृत्तीची गोष्ट वेगळी. अमेरिकेत ६४९.९९ डॉलरला विकलेल्या त्या यंत्राच्या केसला कुणी ड्रिल लावलं तर तुम्ही खुशाल शिव्या घाला, मीही दोन घालीन.

आता तोडफोडीबद्दल. बोर्डाच्या कडेला ५६ पिनांचं जामा (आर्केड बोर्डांसाठी ठरलेल्या पद्धतीचं) कनेक्शन असतं. वीज, आवाज, जॉयस्टिक आणि लाल-हिरवा-निळा असे चित्राचे तीन सुटे सिग्नल, सगळं तिथूनच. मी त्यावर कनेक्टर खोचला, बास. उद्या खोकं मोडून टाका, बोर्ड पुन्हा कॅबिनेटमध्ये जाईल. खोक्यात डोकं चालवावं लागलं ते एकाच ठिकाणी: एमव्हीएसचं कार्ट्रिज (गेमची कॅसेट) जाडजूड, आत दोन बोर्ड, बसवता-काढताना चांगलाच जोर लागतो. म्हणून स्लॉटच्या खाली पितळी स्टँडऑफ (बोर्डाला आधार देणारे छोटे खांब) जवळजवळ लावलेत, नाहीतर बोर्ड वाकतो.

सोल्डरिंग एकाच जागी केलं, आणि ते केलं नसतं तर बोर्ड मेला असता. बहुतेक एमव्हीएस बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती कालांतराने गळते, हिरवट पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं आणि खालचे तांब्याचे ट्रॅक खाल्ले जातात. तिच्या जागी साधा नाण्याएवढा लिथियम सेल घालता येतो, पण बोर्डावरचं चार्जिंग आधी तोडावं लागतं. असल्या साध्या, चार्ज न होणाऱ्या लिथियम सेलला चार्ज देणं म्हणजे आगीशी खेळ. ‘हात लावू नका, जसं आहे तसं ठेवा’ म्हणणाऱ्यांच्या कपाटात असे कितीतरी बोर्ड कुजत पडलेत.

चित्राचा मुद्दा मात्र तुम्ही चांगला काढलात. जुन्या टीव्हीवरचा धूसरपणा हा चित्राचाच भाग होता, हे मेगा ड्राइव्हबाबत खरं आहे. १९९१ च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधला धबधबा म्हणजे उभ्या रेघा. कंपोझिट केबलमधून, म्हणजे सगळे रंग एकाच तारेतून आले की, त्या एकमेकींत मिसळतात आणि पाणी पारदर्शक वाटतं. आरजीबीवर, म्हणजे लाल-हिरवा-निळा सुटे आले की, रेघा सरळ रेघाच दिसतात. पण निओ जिओच्या चित्रकारांपुढे आर्केडचा आरजीबी मॉनिटर होता. ‘मेटल स्लग’मधला रणगाडा पार्लरमध्ये धूसर कधीच नव्हता. मी काही ‘सुधारलं’ नाही. मॉनिटरसाठीचा जोरदार सिग्नल टीव्हीला चालेल अशा ०.७ व्होल्टवर आणला, इतकंच. तीन रंगांना तीन प्रीसेट (स्क्रूने फिरवायचे छोटे रोधक) लावले आणि पांढरा पांढरा दिसेपर्यंत फिरवत बसलो.

नव्या टीव्हीची अडचण वेगळीच. एमव्हीएस सेकंदाला ६० नाही, सुमारे ५९.१८ फ्रेम देतो. स्कॅन कन्व्हर्टरमधून (जुना सिग्नल नव्या टीव्हीजोगा करणारा डबा) हा आकडा तसाच पुढे गेला की काही टीव्ही चक्क ‘नो सिग्नल’ दाखवतात. मोबाइलवरही हीच कटकट आहे, फक्त झाकलेली. सेकंदाला ६० फ्रेमच्या साध्या स्क्रीनवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) एकतर गेम सव्वा-दीड टक्क्याने पळवतो, नाहीतर दर सव्वा सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवतो. बसमध्ये खेळायला मीही मोबाइलच काढतो, उगाच सोवळं नाही.

राहता राहिला माळ्यावरचा तुमचा मेगा ड्राइव्ह. त्याला ‘मोड’ (आतून फेरफार) करावं लागेल ही भीती सोडा. आरजीबी मागच्या सॉकेटात मुळातच आहे, एकही स्क्रू काढायला नको, फक्त योग्य केबल हवी. पहिल्या मॉडेलला मोठं ८ पिनांचं सॉकेट, दुसऱ्याला छोटं ९ पिनांचं, तेव्हा मागवण्याआधी मागे डोकावा. पहिलं मॉडेल निघालं तर त्या सॉकेटातून आवाज मोनो येतो. स्टिरिओ हवा असेल तर पुढच्या हेडफोनच्या भोकातून घ्यावा लागेल.