शकुंतला रेल्वे ब्रिटिशांच्या मालकीची नाही

मूर्तिजापूरहून एकीकडे यवतमाळला आणि दुसरीकडे अचलपूरला जाणारी ‘शकुंतला’ आजही ब्रिटिशांच्या मालकीची आहे, तिच्यासाठी भारत सरकार दरवर्षी ब्रिटनला १ कोटी २० लाख रुपये मोजते आणि जुन्या करारामुळे सरकारचे हात बांधलेले आहेत, असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यातले खरे एवढेच की, हा सुमारे १९० किलोमीटरचा अरुंद मार्ग खासगी कंपनीचा राहिला.

त्या कंपनीचे नाव सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी. वऱ्हाडातला कापूस मुख्य मार्गावर आणून मुंबई बंदरापर्यंत पोहोचवण्यासाठी ती किलिक, निक्सन या पेढीने उभी केली. ही पेढी इंग्रज व्यापाऱ्यांची असली, तरी १८५७ मध्ये ती स्थापन झाली ती मुंबईत, आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय उद्योजकांच्या हाती गेली. खासगी मालकी म्हणजे परकीय मालकी नव्हे. हा साधा भेद त्या मजकुरात पुसला गेला आहे. १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन या मार्गावर १९९४ पर्यंत धावले, त्यामुळेही हा समज पक्का झाला असावा. परंतु खरोखर लंडनमध्ये स्थापन झालेली कंपनी बार्शी लाइट रेल्वेची होती, आणि ती रेल्वे सरकारने १९५४ मध्येच विकत घेतली, याचा उल्लेख तिथे कुठेच नसतो.

पैशांचेही तसेच. गाड्या मध्य रेल्वेने चालवायच्या आणि कराराप्रमाणे मोबदला कंपनीला द्यायचा, अशी व्यवस्था होती. म्हणजे रक्कम कितीही धरली, तरी ती ब्रिटनच्या तिजोरीत जात नाही.

हात बांधलेले असल्याचा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण त्यामुळे दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगाव येथील प्रवाशांचा रास्त राग भलत्याच दिशेला वळतो. दर दहा वर्षांनी हा मार्ग विकत घेण्याचा पर्याय करारातच सरकारला दिलेला होता. त्याचा विचार एकापेक्षा अधिक वेळा झाला आणि व्यवहार परवडणारा नाही, असे ठरवून तो सोडून देण्यात आला. हा निर्णय भारतीय रेल्वेचा होता आणि त्याचा जाब रेल्वे मंत्रालयालाच विचारला पाहिजे.