डायलिसिसवाल्यांचं डाळ-मासे बंद करणाऱ्या मेसेजला उत्तर

ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या डायलिसिसच्या रुग्णांमध्ये ‘फॉस्फरस वाढलाय? हे करा’ नावाचा एक लांबलचक मेसेज फिरतोय. किडनी बंद असली की जेवणातला फॉस्फरस अंगात साचतो, म्हणून ही काळजी. मी आहारतज्ज्ञ आहे. डायलिसिसवर असलेल्यांचं जेवण ठरवणं हे माझं रोजचं काम, आणि हा मेसेज पाळणारी माणसं माझ्या डोळ्यांदेखत अशक्त होतायत. मेसेज थोडक्यात असा: डाळ, दूध, अंडी, मासे, चिकन बंद करा. फॉस्फरसच्या गोळ्या हा कंपन्यांचा धंदा, मशीन सगळं काढतंच. कॅल्शियमची गोळी हाडांसाठी असते, रात्री झोपताना घ्या. भाज्या उकळून पाणी फेका, फॉस्फरस गेला. खाज थांबली म्हणजे फॉस्फरस उतरला. पोट साफ होत नसेल तर गोळ्या सोडा आणि एनिमा घ्या.

‘डाळ, दूध, अंडी, मासे, चिकन बंद’

सगळ्यात जास्त नुकसान या ओळीने केलंय. कळव्याच्या एका काकांच्या डब्यात रोज नुसती भाताची पेज आणि लिंबाचं लोणचं दिसायला लागलं. फॉस्फरस थोडा उतरला हे खरं, पण अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिनही घसरलं आणि खुर्चीतून उठताना टेक्निशियनचा हात धरायची पाळी आली. काकूंना मात्र वाटत होतं, आपण पथ्य काटेकोर सांभाळतोय.

किडनी कमजोर आहे पण डायलिसिस सुरू नाही, अशा माणसाला प्रथिनं कमी खायला सांगतात. डायलिसिस लागलं की हिशेब उलटतो. हिमोडायलिसिसच्या, म्हणजे मशीनवरच्या डायलिसिसच्या, दर खेपेला ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं रक्तातून वाहून जातात. म्हणून केडोकी (KDOQI) या किडनीच्या आजारांवरच्या अमेरिकी उपक्रमाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं सांगितली आहेत. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. पेज-लोणच्यातून ती कुठून येणार?

अन्नघटकांच्या तक्त्यात १०० ग्रॅम तूरडाळीपुढे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास फॉस्फरस दिसतो आणि घरचे घाबरतात. पण वाटीभर वरणात कच्ची डाळ असते ३० ग्रॅमच्या आसपास. शिवाय डाळी-धान्यांतला बराच फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगाच्या रूपात असतो. ते फोडणारं एन्झाइम माणसाच्या आतड्यात जवळजवळ नसतंच, त्यामुळे साधारण निम्म्याहून कमी फॉस्फरस रक्तात उतरतो. मांस-माशांतला ४० ते ६० टक्के उतरतो. अंड्याचा पांढरा भाग तर आमच्यासाठी वरदान आहे: एका अंड्याच्या पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिनं आणि फॉस्फरस जेमतेम ५ मिलिग्रॅम. बलक काढून ठेवा, त्यात ६० च्या वर असतो.

दिवाळे किंवा चेंदणी कोळीवाड्यातल्या माणसाला मासे सोडायला सांगणं म्हणजे जेवणच सोडायला सांगणं. सुरमईचा किंवा रावसाचा एक तुकडा बसतो. मांदेली काट्यासकट कुरकुरीत खाल्ली तर हाडातला फॉस्फरसही पोटात जातो. सुकट-जवळा अख्खाच खाल्ला जातो आणि वर मीठ, म्हणून तिथे मी हात आखडता घ्यायला लावते. दुधाबाबत मेसेज अर्धा बरोबर आहे. २०० मिली दुधात १८० मिलिग्रॅमच्या पुढे फॉस्फरस असतो आणि तो चांगला शोषला जातो. चहापुरतं ठेवा, रात्रीचा पेला सोडा.

आता मेसेजमध्ये जे एका शब्दानेही नाही ते. नौपाड्यातल्या कुठल्याही सुपरमार्केटात चीज स्लाइसचं पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा. इमल्सिफायर किंवा स्टॅबिलायझर म्हणून ३३९, ४५२ असे आकडे दिसतील. कोलाच्या बाटलीवर ३३८. मसाला लावून गोठवलेल्या चिकनवर ४५१. बेकिंग पावडरमध्ये ३४१ किंवा ४५०. हे सगळे फॉस्फेट आहेत, आणि बाहेरून घातलेला हा फॉस्फेट ९० टक्क्यांहून जास्त शोषला जातो. लक्षात ठेवायचे मुख्य आकडे: ३३८ ते ३४१ आणि ४५० ते ४५२. किती मिलिग्रॅम घातला ते पाकिटावर बहुधा नसतं, म्हणून आकडा दिसला की पाकीट परत ठेवायचं. घरातला साधा खाण्याचा सोडा वेगळा, त्यात फॉस्फेट नसतो. काकांचं वरण बंद झालं होतं, पण नातवासोबत खाल्लेले नगेट्स चालू होते, कारण मेसेजमध्ये त्यांचं नावच नव्हतं. केडिगो (KDIGO) या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शनातही आहार ठरवताना फॉस्फेट प्राण्यातून येतो, वनस्पतीतून येतो की घातलेला आहे हे बघा असं म्हटलंय.

‘मशीन सगळं काढतं, गोळ्या कशाला?’

आकडेच मांडते. दिवसाला १००० मिलिग्रॅम फॉस्फरस पोटात गेला आणि साधारण ६० टक्के शोषला, तर आठवड्याचे झाले ४२०० मिलिग्रॅम. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये निघतो ८०० ते १०००. आठवड्यातून तीनदा केलं तरी जास्तीत जास्त ३०००. आणि आपल्याकडे खर्चापायी, प्रवासापायी कितीतरी जण दोनदाच करतात. उरलेला फॉस्फरस जाणार कुठे? ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते त्यांचा थोडा तिथून जातो, बाकीच्यांचा अंगातच राहतो.

मशीन कमी पडतं याला कारण आहे. शरीरातला बहुतेक फॉस्फरस हाडांत आणि पेशींत असतो, रक्तात अगदी थोडा. पहिल्या तास-दोन तासांत रक्तातला भराभर उतरतो, मग आतला हळूहळू बाहेर येत राहतो, आणि मशीन बंद झाल्यावर काही तासांत पातळी पुन्हा चढते. पंप लावून विहीर उपसावी आणि झऱ्यांनी ती परत भरावी, तसं. म्हणून शेवटचा अर्धा तास ‘सोडा मला, लोकल गर्दीची होईल’ म्हणून उठणाऱ्यांना मी हात जोडते. फॉस्फरससाठी वेळ महत्त्वाचा असतो.

मेसेजमधल्या ‘फॉस्फरसच्या गोळ्या’ म्हणजे बाइंडर. त्या जेवणातला फॉस्फरस आतड्यातच धरतात आणि तो शौचावाटे जातो. एक गोळी थोडासाच धरते, हेही खरं. त्यामुळे गोळी घेतली म्हणून चीज पिझ्झा चालत नाही आणि पथ्य पाळलं म्हणून गोळी सुटत नाही.

‘कॅल्शियमची गोळी रात्री झोपताना’

कॅल्शियम कार्बोनेट किंवा कॅल्शियम अ‍ॅसिटेट डायलिसिसच्या रुग्णाला बहुतेक वेळा बाइंडर म्हणून दिलेलं असतं. अन्नच पोटात नसेल तर ते धरणार काय? उलट त्यातलं कॅल्शियम रक्तात जातं, आणि फॉस्फरस आधीच वाढलेला असला की दोन्ही मिळून रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या झडपांत साचतात. त्यात फॉस्फरस चढला की पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) वाढतं आणि ते हाडातलं कॅल्शियम ओढून काढतं, म्हणजे ज्यांच्या नावाने गोळी घेतली ती हाडंही वाचत नाहीत.

गोळी ताटासोबत घ्या. मोठ्या जेवणाला जास्त, छोट्याला कमी, हे डॉक्टर ठरवून देतील. बिनकॅल्शियमच्या बाइंडरपैकी सेव्हेलामर अख्खी गिळायची, लँथेनम चावून खायची. डबा बाहेर नेता तेव्हा गोळ्या डब्याच्या पिशवीत हव्यात, घरच्या कपाटात राहिल्या तर दुपारचं जेवण बिनगोळीचं जातं. संकष्टीला दिवसभर काही खाल्लं नाही तर बाइंडर नको. चंद्रोदयानंतर जेवलात की त्या जेवणासोबत घ्या. थायरॉइडची गोळी यापासून चार तास लांब ठेवा, नाहीतर तिचाच गुण येत नाही. अपवाद एक: पॅराथायरॉइडची शस्त्रक्रिया झालेल्यांना कॅल्शियम मुद्दाम जेवणाच्या मधल्या वेळी देतात. त्यांनी वेळ बदलू नये.

‘भाज्या उकळून पाणी फेका’

हे पोटॅशियम उतरवायला चांगलं आहे, करत राहा. पण भाज्यांत फॉस्फरस मुळात कमी. उकळून पाणी फेकायचा फायदा चिकनला होतो: फॉस्फरस काही प्रमाणात उतरतो, प्रथिनं फारशी जात नाहीत. त्याच हिशेबाने ‘ताकद येईल’ म्हणून पाजलेलं चिकनचं सूप म्हणजे उतरलेला फॉस्फरस वाटीत घालून देणं.

‘खाज थांबली म्हणजे फॉस्फरस उतरला’

कोरडी त्वचा, अपुरं डायलिसिस, वाढलेलं पीटीएच, खाजेला कारणं अनेक आहेत. फॉस्फरस ८ असूनही अजिबात खाज नसलेली माणसं मी बघते. नॉर्मल पातळी दर डेसिलिटरला साधारण २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असते. डायलिसिसवर साडेपाचच्या खाली राहिलात तर आम्ही बरं म्हणतो. ते रक्त तपासूनच कळतं.

‘पोट साफ होत नसेल तर एनिमा’

बाइंडरने बद्धकोष्ठ होतं, तक्रार खरी आहे. त्यात पाण्यावर बंधन आणि फळभाज्या कमी. पण औषधाच्या दुकानात सहज मिळणारे बरेच तयार एनिमा सोडियम फॉस्फेटचे असतात, आणि किडनी बंद असलेल्या माणसात तो फॉस्फेट शोषला जाऊन पातळी धोकादायक चढू शकते, कॅल्शियम एकदम घसरू शकतं. कोलोनोस्कोपीआधी पोट साफ करायच्या काही औषधांतही हेच असतं. बाइंडर आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना सांगा; ते लॅक्ट्युलोजसारखं औषध देतील किंवा बाइंडर बदलतील. आणि पोटाचं कुठलंही औषध घेताना काउंटरवर आधी सांगा, ‘पेशंट डायलिसिसवर आहे, फॉस्फेटचं नको.’