भोक नको हां बाई

डोकं इतकं फिरलंय की तपासायच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसलेय. पोस्ट मोठी होणार. वेळ नसेल त्यांनी पुढे जा.

आज टीव्हीची छत्री, म्हणजे डिश, बसवायला माणूस आला होता. कणकवलीहून, भुरभुर पावसात, बाईकच्या मागे छत्री आडवी बांधून. शिडी लावली, ड्रिलची वायर स्वयंपाकघरातल्या बोर्डात खोचली आणि माझा फोन वाजला. घरमालक, डोंबिवलीहून. वाडीतल्या कुणीतरी शिडी दिसल्याबरोबर कळवलं असणार. (एरवी रेंज नसते हो आमच्याकडे. अशा वेळी बरोबर येते.)

"बाईनू, भोक नको हां. चिरो फुटलो तर पावसाचा पाणी आत येतला."

म्हटलं, काका, चार बोल्ट आहेत फक्त.

"आज चार बोल्ट, उद्या एसी लावशात."

एसी! माझ्या पगारात, आणि ढग दिसला की जाणाऱ्या या विजेवर!

माणूस ड्रिल गुंडाळून, येण्याजाण्याचे दोनशे रुपये घेऊन गेला. छत्री नि बॉक्सचे पैसे आधीच दिले होते, म्हणून ते इथेच. छत्री आता पडवीत भिंतीला टेकवलीय आणि तिच्यात मांजर झोपलंय.

टीव्हीसाठी एवढा कांगावा कशाला, असं ज्यांना वाटतंय त्यांच्यासाठी सांगते. आई ७४ वर्षांची आहे. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसत नाही. आमच्या सावंतवाडीकडच्या घरी तिची संध्याकाळ ठरलेली होती: दिवाबत्ती, मग सह्याद्रीवरच्या बातम्या, बातम्या संपल्या की बीपीची गोळी. माझी बदली इकडे देवगडकडे झाली, तिला एकटीला तिकडे ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून हे भाड्याचं घर. इथे बातम्या नाहीत, म्हणून पाच वाजल्यापासून सुरू होतं, "सात वाजले काय गो?" पाच मिनिटांनी परत, "सात वाजले काय गो?"

गेल्या महिन्यात तालुक्याच्या मीटिंगहून यायला मला उशीर झाला. तिने गोळी घेतली होती. मी आले, पानं घेतली, आणि जेवण झाल्यावर तिने परत घेतली. रात्री तिला गरगरायला लागलं. मी गडग्यापाशी, म्हणजे कुंपणाच्या दगडी भिंतीपाशी, एका पायावर उभी राहून डॉक्टरांना फोन लावतेय, पलीकडून अर्धं वाक्य ऐकू येतंय, अर्धं नाही. काही झालं नाही, देवाची कृपा. पण त्या रात्री मी ठरवलं, घरात टीव्ही लागलाच पाहिजे.

आधी माझा मूर्खपणा कबूल करते. ऑनलाइन एक घरात ठेवायचा अँटेना मागवला. चपटा, काळा, खिडकीला चिकटवायचा, "रिचार्ज नको, छत्री नको". मालकांना कळणारही नाही, म्हणून खूश होते. खिडकीला लावला, कपाटावर ठेवला, आईने हातात धरला. टीव्हीवर मुंग्यासुद्धा नाहीत, नुसती निळी पाटी. शाळेतल्या सहकाऱ्याला विचारलं तर तो हसला. म्हणाला, बाई, अँटेना पकडणार काय? प्रसार भारतीने २०२१-२२ पर्यंत देशातली जुनी प्रक्षेपण केंद्रं जवळपास सगळी बंद केली. हवेत काही सोडतच नाहीत, तर काडी लावून येणार काय?

म्हणजे बघा. पूर्वी बांबूला अँटेना बांधला, बांबू माडाला बांधला, झालं. भाडोत्री असो नाहीतर मालक. सोडून जाताना बांबू काढून न्यायचा. आता दूरदर्शनच्या फ्री डिशला, म्हणजे या छत्रीला, महिन्याचा छदाम लागत नाही (२००४ पासून आहे ती, गरिबांची मोठी सोय, मान्य), पण तिला घट्ट जागा लागते. जरा हलली की चित्र गेलं. आणि घट्ट जागा म्हणजे भिंत, आणि भिंत मालकाची. उपग्रह ३६ हजार किलोमीटरवरून फुकट चित्र पाठवतोय आणि शेवटच्या चार बोल्टांसाठी माझी गाडी डोंबिवलीत अडकलीय.

भाडं मी पाच तारखेच्या आत देते. करार अकरा महिन्यांचा, त्यात एक कलम असं की गणपतीत ओटी नि माजघर मालकांना मोकळं करून द्यायचं. दिलं. गेल्या वर्षी पाच दिवस मी आणि आई मागच्या खोलीत झोपलो, त्यांच्या पाहुण्यांना चहा केला, आरतीला टाळ्या वाजवल्या. तेव्हा आम्ही घरातली माणसं. भोक पाडायचं म्हटलं की भाडोत्री.

आणि कृपा करून "मोबाईलवर बघा की" असं कुणी खाली लिहू नका. एका डोळ्याने अधू बाई, हाताएवढा स्क्रीन, आणि गडग्यापाशी एका पायावर मिळणारी रेंज. तुमच्या आईला उभं करा तिथे बातम्या बघायला.

चहा पिऊन आले.

मालकांचं अगदीच चूक नाही, हे लिहायला जड जातंय, पण लिहिते. जांभ्याचा चिरा तसा भुसभुशीतच. ड्रिल मारलं की भुगा पडतो, बोल्ट सैल होतो, आणि आमच्या पावसाला एवढीशी फट पुरते. धो धो पावसात छत्रीचं चित्र जातंच, हे तो माणूसही म्हणाला. म्हणजे जून-जुलैत आई परत "सात वाजले काय गो" म्हणणारच. असो.

फोन ठेवताना काका जरा हळू आवाजात म्हणाले, "आवशीन बांदलेला घर आसा ता, बाईनू." त्यांची आई याच घरात शेवटपर्यंत एकटी राहिली, हे वाडीत ऐकलंय. ती काय बघत बसायची संध्याकाळी, असं विचारावंसं वाटलं. नाही विचारलं. नको तिथे मी तोंड उघडते आणि हवं तिथे बंद ठेवते.

पण मग परत राग येतो. त्यांची आवस गेली, माझी इथे बसलीय ना!

तो माणूस जाण्याआधी मीटर घेऊन अख्खं अंगण फिरला होता. छत्रीचं तोंड आग्नेयेला लागतं म्हणे. आमच्या आग्नेयेला शेजाऱ्यांचे दोन माड आणि एक फणस. फक्त तुळशीच्या बाजूला, हातभर जागेत, झाडांच्या मधून आकाश मिळतं. तिथे पाईप उभा केला तर चित्र येईल, म्हणाला. पण जमिनीत काँक्रीट करायचं तर परत काकांना फोन. आणि नुसता रोवला तर माकडं एका दिवसात वाकवतील.

एवढं टाइप केलं आणि आईने मागच्या पडवीतून हाक मारली. जाऊन बघते तर मालकांचं जुनं जातं पडलंय तिथे, त्याची वरची तळी सुटी. आईने आपली काठी तळीच्या भोकात उभी केलेली, आणि माझ्याकडे बघतेय. "ह्याका भोक आदीच आसा गो."

जामसंडे-देवगडकडे कुणाकडे तीन-चार फुटी लोखंडी पाईप पडून असेल तर इनबॉक्स करा, सव्वा इंची चालेल. स्कूटीवरून येऊन घेऊन जाईन. जातं उचलायला दोन पोरंही लागतील, दहावी ब मधली आणते.

आणि काकांना विचारू की न विचारता करू, तेही सांगा. पाच वाजून गेलेत, आईने सुरू केलंय.